ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरणे

मागच्या चाकांची पकड वाढावी म्हणून ट्यूबमध्ये हवेच्या जोडीला पाणी भरून चाके जड करण्याची पद्धत. निफाड, येवल्याकडच्या काळ्या जमिनीत पलटी नांगर लावला की हलके चाक जागेवरच फिरते, डिझेल जळते आणि टायर झिजतो.

पाण्याची गरज आहे का, हे आधी मोजून पाहावे. टायरवर खडूने खूण करून नांगर उचललेला असताना चाकाच्या 10 फेऱ्यांत किती अंतर कापले ते मोजावे. मग नांगर जमिनीत घालून तेच करावे. पहिले अंतर 40 मीटर आणि दुसरे 34 भरले, तर घसरण 15 टक्के. 10 ते 15 टक्के घसरण योग्य असते. त्याहून जास्त असेल तरच पाणी भरावे.

टायर तीन चतुर्थांशच भरतात. तेवढ्यासाठी 13.6-28 मापाच्या टायरला सुमारे 165 लिटर, 14.9-28 ला 200 आणि 16.9-28 ला 270 लिटर पाणी लागते. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून पहिल्या मापाच्या जोडीने सव्वातीनशे किलोंच्या आसपास वजन वाढते.

ट्रॅक्टर सपाट जागी गिअरमध्ये उभा करून पुढच्या चाकांना दगड लावावेत. मागच्या अ‍ॅक्सलखाली जॅक व लाकडी ठोकळा देऊन चाक अधांतरी करावे आणि व्हॉल्व्ह बरोबर वर आणावा. हवा पूर्ण सोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा आतला भाग खोलू नये. दाबाने तो गोळीसारखा उडतो. मग ट्रॉलीत उंचावर ठेवलेल्या ड्रममधून नळीने पाणी सोडावे. हवा बाहेर जायला वाट असलेला अ‍ॅडॉप्टर असला तर उत्तमच. नसेल तर आत हवा कोंडून पाणी थांबते. तेव्हा नळी काढून हवा सोडावी आणि पुन्हा लावावी. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर येऊ लागले की भरणी पूर्ण. शेवटी व्हॉल्व्हचा आतला भाग पुन्हा बसवून कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी हवा भरावी.

फवारणीचा जास्त दाबाचा एचटीपी पंप जोडणे धोक्याचे आहे, त्या दाबाला ट्यूब फाटते. काठोकाठ पाणी भरणेही चूक, कारण पाणी दबत नाही. हवेची उशी उरली नाही तर दगडावर आदळताच धक्का टायरच्या कापडाला बसतो. हवेची जागा कमी असल्याने थोडी गळतीही दाब झपाट्याने उतरवते, म्हणून दाब वरचेवर तपासावा.

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, पण व्हॉल्व्हपाशी गळती झाली की ते रिम खाते. निफाडला पारा कधी शून्याजवळ उतरतो, तरी पहाटेच्या तेवढ्या वेळात टायरातले पाणी गोठत नाही. इथे साधे, गाळलेले पाणी पुरते.

पुढचा भाग उचलला जात असेल तर मागच्या टायरातले पाणी तो रोखत नाही; त्यासाठी पुढेच लोखंडी वजने लावावी लागतात. रोटाव्हेटरला ओढ कमी लागते, त्यामुळे तिथेही पाण्याचा फारसा उपयोग नाही. इगतपुरीच्या भातखाचरांत चिखलणी करताना जड चाक रुतते. द्राक्षबागेत तर नुकसानच होते: फवारणीचा ब्लोअर घेऊन ट्रॅक्टर हंगामभर त्याच ओळींतून फिरतो आणि ओल्या मातीत मुळांजवळची जमीन घट्ट दाबली जाते. नांगरट संपली की चाक उचलून व्हॉल्व्ह खाली आणावा आणि पाणी काढून टाकावे. तळाशी उरलेले पाणी आत बारीक नळी घालून हवेच्या दाबाने निघते.