पिकअपवर कॅम्पर चढवलाय आणि गाडी मागून बसतेय? पाटे की एअर बॅग ठरवायच्या आधी हे वाचा

नमस्कार. नऱ्ह्याला आमच्या वर्कशॉपवर जे कॅम्परवाले, म्हणजे पिकअपच्या हौद्यात राहायचा डबा बसवलेले, येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, एअर बॅग टाकायला किती घेता. (ही अपघातात फुगणारी नव्हे, मागच्या एक्सलवर बसणारी, हवा भरून गाडी उचलणारी रबरी पिशवी; आणि पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या.) आणि आमचा उलटा प्रश्नही ठरलेला, काटा केलाय का, म्हणजे वजनकाट्यावर गाडी तोललीय का? बहुतेकांनी केलेला नसतो. म्हणून हा कागद. इथे यायच्या आधी घरी निवांत वाचा, त्यात तुमचेच पैसे वाचतील.

कॅम्पर बनवणारा जे वजन सांगतो ते रिकाम्या डब्याचं. त्यात पाणी नसतं, सामान नसतं, तुम्ही चौघं नसता. 18 एमएम प्लायची आठ बाय चारची एक शीटच साधारण 35 किलो भरते, आणि आपल्याकडे सुताराकडून आतलं फर्निचर करून घेतात त्यात तशा चार-पाच शीट सहज जातात. 80 लिटरची टाकी भरली की 80 किलो झाले. घरच्या इन्व्हर्टरवाली ट्यूबलर बॅटरी टाकली तर पन्नासेक किलो अजून. मग सिलिंडर, शेगडी, गाद्या, छतावरचा एसी, हे धरलंच नाही.

तर ट्रिपला निघताना जशी भरता तशी गाडी पूर्ण भरा, पाण्यासकट माणसांसकट, आणि मार्केट यार्डकडच्या किंवा हायवेच्या कुठल्याही काट्यावर लावा. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, दोन्ही पावत्या जपून ठेवा. दोन्हीतला फरक म्हणजे मागच्या एक्सलवर येणारं वजन. आता आरसी बुकात भरलेल्या गाडीचं जे वजन लिहिलंय ते पूर्ण गाडीच्या पावतीशी ताडून बघा. त्याच्या वर गेला असाल तर आम्ही स्पष्टच सांगतो, पाट्याने, एअर बॅगेने, कशानेही ती मर्यादा वाढत नाही, गाडी फक्त उंच दिसते. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, सगळं तेच राहतं. ओव्हरलोडला मोटर वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड आहे आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000, पण दंडापेक्षा मला काळजी वाटते ती कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलाकडे येणाऱ्या त्या लांबलचक उताराची.

वजन किती याच्याइतकंच ते कुठं बसलंय हे महत्त्वाचं. व्ही-क्रॉस काय, हायलक्स काय, या पिकअपच्या पुढच्या मागच्या चाकातलं अंतर साधारण 3.1 मीटर. मागच्या चाकाच्या मध्यापासून एक मीटर मागे, म्हणजे पार फाळक्याजवळ, तुम्ही 100 किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर 132 किलो येतात आणि पुढचे 32 किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग तरंगल्यासारखं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. मागे एका गाडीला पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही फाळक्याला चिकटून होत्या, मालक एअर बॅगच हवी म्हणून आलेले. आम्ही चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून माप घेतलं, दोन्ही वस्तू केबिनच्या मागच्या भिंतीला सरकवून घेतल्या, पुन्हा टेप लावली, गाडी मागून दोन बोटं वर आलेली. त्या दिवशी पार्ट काहीच विकला नाही.

एवढं करून वजन मर्यादेत आहे पण गाडी बसतेच किंवा डुलते, तेव्हा पार्टचा विषय.

शॉकअपबद्दल मोठा गैरसमज आहे. शॉकअप वजन उचलत नाही, तो पाट्याची हालचाल आवरतो. स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर मागची बाजू तीन-तीनदा हेलकावत असेल तर शॉकअप बदला, उभ्या गाडीत मागून बसलेली असेल तर त्याने काही होणार नाही.

कॅम्पर कायमचा हौद्यात असेल, काढायचाच नसेल, तर आमचं मत पाट्याच्या बाजूने. जादा पाटा किंवा वजनाप्रमाणे पूर्ण नवा सेट, त्यात वजन पाट्याच्या दोन्ही टोकांतून चासीवर जातं, लीक होण्यासारखं काही नाही, आणि कुठल्याही गावात दुरुस्त होतं. तोटा एकच, रिकामी गाडी मग दगडासारखी चालते. जुनेच पाटे तापवून कमान देणं आम्ही करत नाही, नीट टेम्पर झालं नाही तर ते परत बसतात नाहीतर तुटतात. आणि पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट दरवेळी नवेच, जुने ताणलेले असतात. ते ढिले पडले की पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर लोड येतो, तो तुटला की एक्सल जागेवरून सरकतो.

शनिवार-रविवार कॅम्पर आणि सोमवारपासून रिकामी गाडी, अशांना एअर बॅग छान. लोडप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते, किचन एका बाजूला असल्याने गाडी कलत असेल तर ती बाजू वेगळी उचलता येते. पण दोन्ही बॅगांना व्हॉल्व्ह वेगळे हवेत, एकाच नळीला जोडल्या तर वळणावर हवा एका बॅगेतून दुसरीत जाते आणि गाडी अजून झुकते, ताम्हिणीत हे नको. रिकाम्या गाडीतही हवा शून्यावर ठेवू नका, बहुतेक किटना किमान 5 पीएसआय लागते, नाहीतर बॅग चिमटून फाटते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅग चासीला एकाच ठिकाणी ढकलते. मागे लांब लटकलेला जड कॅम्पर, फुल्ल हवा आणि जोराचा खड्डा, यात चासी वाकते. म्हणून बसलेली गाडी नुसती हवेवर उचलायची नाही, बॅग पाट्याच्या मदतीला आहे, पाट्याच्या जागी नाही.

रबराचे हेल्पर बंप स्टॉपच्या, म्हणजे एक्सल वर आदळू नये म्हणून असलेल्या रबराच्या, जागी बसतात, स्वस्त, देखभाल नाही, थोडंच बसत असेल तर पुरतात. छतावर वजन जास्त असून वळणावर डुलत असेल तर मागचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणारी दांडी.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. काही पिकअपना मागच्या एक्सलजवळ लोड ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो, तो गाडी किती बसली यावरून मागचा ब्रेक ठरवतो. आपण गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पडतो. आम्ही काम झाल्यावर तो सेट करतो, तुम्ही कुठंही काम करून घ्या पण हे विचाराच.

टायरवर साइझपुढचा आकडा बघा, 110 म्हणजे एक टायर 1,060 किलो पेलतं, 112 म्हणजे 1,120. मागच्या एक्सलचं काट्यावरचं वजन दोनाने भागून त्याच्याशी ताडा. आणि डबा कायमचा वेल्ड किंवा बोल्ट करणार असाल तर आधी आरटीओत परवानगीचं विचारून घ्या, नंतर फार धावपळ होते.

येताना दोन्ही काटा पावत्या, आरसी आणि कॅम्पर आतून कसा लावलाय त्याचे फोटो आणा. शक्य असेल तर गाडी भरूनच आणा, रिकाम्या गाडीवर अंदाजाने पाटे ठरवायला आम्हाला आवडत नाही. कामानंतर 500 किलोमीटर झाले की परत या, यू-बोल्ट पुन्हा टाइट करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.