व्हिडिओ खेळोपचार (हाताचा)

अर्धांगवायूने दुबळ्या झालेल्या हाताची हालचाल परत यावी म्हणून पडद्यावरील खेळांतून करवून घेतला जाणारा व्यायाम. मराठवाड्यात या आजाराला ‘लकवा’ म्हणतात. ‘अंगावरून वारं गेलं’ असेही म्हटले जाते. हा व्यायाम फिजिओथेरपीच्या जोडीने करायचा, तिच्याऐवजी नव्हे.

उगम : याच्या दोन धारा दाखवता येतात. एक धारा साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या आभासी वास्तवाच्या (संगणकाने उभ्या केलेल्या दृश्यात वावरण्याच्या) प्रयोगांपासून निघते. दुसरी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या माकडांवरील प्रयोगांपर्यंत मागे जाते. एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्यावर, स्नायूंकडे जाणाऱ्या नसा शाबूत असूनही, माकड तो हात वापरेनासे झाले. चांगला हात बांधून ठेवला की मात्र वापरू लागले. हात न वापरणे हेच अंगवळणी पडते, असा याचा अर्थ टॉब यांनी लावला. त्यावरून चांगल्या हातात जाड मोजा घालून दुबळ्या हाताकडून कामे करवून घेण्याची पद्धत आली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२००६) ती नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात तिला होडी वल्हवण्याच्या व्हिडिओ खेळाचे रूप देण्यात आले. हाताच्या उपचारापुरती ही दुसरी धारा अधिक सयुक्तिक वाटते. पडदा हे साधन, तर गुण पुनरावृत्तीचा.

साधने : निन्टेंडो वी हे खेळयंत्र (२००६) हातातील रिमोटची हालचाल मोजते, मायक्रोसॉफ्टचे कायनेक्ट (२०१०; उत्पादन २०१७ मध्ये थांबले) कॅमेऱ्याने सांधे टिपते. मूठ वळत नसेल तर रिमोट क्रेप बँडेजने हाताला बांधतात. पडद्यावरचा टेनिसचा चेंडू नुसत्या मनगटाच्या झटक्यानेही परततो आणि खांदा-कोपर जागचे हलत नाहीत. कायनेक्टसमोर रुग्ण हात लांबवण्याऐवजी धडच पुढे झुकवतो. खेळात गुण वाढतात, हात तसाच राहतो. म्हणून शेजारी उपचारक हवाच.

परिणाम : कॅनडासह चार देशांतील १४१ रुग्णांच्या चाचणीत (२०१६) वी खेळणारे आणि पत्ते, चेंडू असे साधे खेळ खेळणारे यांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या ७२ चाचण्यांवरील आढाव्याचा (२०१७) कलही तोच. मात्र नेहमीच्या उपचारात भर म्हणून खेळ दिल्यास सरावाचा वेळ वाढून फायदा संभवतो.

मराठवाडा : छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. खेड्यातील रुग्णाला तिथवर रोज येणे परवडत नाही, तेव्हा भर घरच्या सरावावर. भाकरी थापताना तळहात सपाट उघडावा लागतो, बोटे पसरावी लागतात आणि परातीत भाकरी फिरवत राहावी लागते. लकव्याने आवळलेल्या मुठीला नेमके हेच जमत नाही, म्हणून घरच्या सरावाला हे काम जुळते.