पार्श्वभूमी : तीन पेन्सची जकात का सुटली नाही?

अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, हे शाळेतच पाठ झालेले असते. 'प्रतिनिधित्व नाही, तर कर नाही' (ब्रिटिश संसदेत आमचे प्रतिनिधी नाहीत, तर तिने आमच्यावर कर बसवू नये) ही घोषणाही सगळ्यांना ठाऊक असते. पण इंग्लंडातली प्रजा याहून कितीतरी जास्त कर भरत होती. मग चहावरच्या किरकोळ जकातीसाठी राज्य फुटेपर्यंत गोष्ट गेली कशी?

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे या लोकांना सर्रास 'वसाहतवादी' म्हटले जाते. वसाहतवादी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राज्य करायला आलेला साहेब उभा राहतो. बॉस्टन किंवा फिलाडेल्फियातला व्यापारी तसा नव्हता. मूळ रहिवाशांच्या जमिनीवर तो बसला होता, कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते, आणि तरीही लंडनच्या लेखी तो दूरची प्रजाच होता. त्याला वसाहतकार म्हणावे. 'तुम्ही परके, चालते व्हा' असे त्याचे म्हणणे नव्हते. 'आम्हीही इंग्रजच, मग इंग्रजाचा हक्क आम्हाला का नाही' अशी त्याची तक्रार होती.

सतराव्या शतकापासून जवळजवळ दीडशे वर्षे लंडनने या वसाहतींच्या आतल्या कारभारात फारसे लक्ष घातले नाही. प्रत्येक वसाहतीची स्वतःची सभा होती. कर तीच बसवी, खर्चही तीच करी. राजाने पाठवलेल्या गव्हर्नरचा पगारसुद्धा बहुतेक ठिकाणी हीच सभा मंजूर करी, त्यामुळे गव्हर्नरला तिच्याशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नसे. हा पगाराचा मुद्दा ध्यानात ठेवा, माझ्या मते सगळ्या भांडणाची गाठ तिथेच आहे.

१७६३ मध्ये फ्रान्सशी चाललेले सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा ब्रिटनचे कर्ज जवळपास दुप्पट झाले होते. अमेरिकेत फौज ठेवायची तर थोडा खर्च तिथल्यांनीही उचलावा, हे सरकारचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. त्याच वर्षी अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करण्यास राजाने मनाई केली आणि तिकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेले नाराज झाले. १७६४ मध्ये परदेशी मळीवरची जकात गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली, पण वसुली कडक केली. या मळीपासून न्यू इंग्लंडात, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींत, रम गाळली जाई आणि तोवर चोरट्या मार्गाने ती बिनजकातीची येत असे. १७६५ मध्ये मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्रे, दस्तऐवज, परवाने, अगदी पत्त्यांच्या जोडांवरही मुद्रांक लागला. दंगे झाले, मुद्रांक विकायला माणूस मिळेना. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला, पण त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा केला : वसाहतींना 'कोणत्याही बाबतीत' कायद्याने बांधण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. लोकांनी पहिल्याचा आनंद केला, दुसऱ्याकडे फारसे पाहिले नाही.

१७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर नवी जकात बसली. तिचा पैसा कशासाठी, ते कायद्यातच लिहिले होते : वसाहतींतल्या न्यायदानाच्या आणि मुलकी कारभाराच्या खर्चासाठी. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार यातून निघू शकत होते. सभेच्या हातातली एकमेव दोरी अशी सुटणार होती. वसाहतकारांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला, तसे लंडनमधले व्यापारीच कळवळू लागले.

१ मे १७६९ रोजी लंडनमध्ये मंत्रिमंडळ या जकातींवर निर्णय घ्यायला बसले. बाकीच्या काढायच्या यावर एकमत होते, वाद चहाचा होता. मते पडली पाचास चार आणि चहावरची पौंडामागे ३ पेन्स कायम राहिली. खुद्द पंतप्रधान अल्पमतात होते! ते एक मत फिरले असते तर पुढचे टळलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण भांडणाला टेकायला जी जागा उरली, ती त्या बैठकीत उरली. ज्यांनी ती राखली त्यांना तिच्या उत्पन्नाची फारशी आशा नव्हती. संसदेचा हक्क सोडल्यासारखे दिसू नये, एवढीच काळजी होती. तेव्हाचे अर्थमंत्री जकात ठेवणाऱ्या पाचांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले आणि ५ मार्च १७७० रोजी बाकीच्या जकाती काढण्याचा प्रस्ताव त्यांनीच संसदेत मांडला. त्याच दिवशी बॉस्टनमध्ये सैनिकांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. समुद्रापलीकडची बातमी यायला आठवडे लागत, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

१७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या (बॉस्टन याच वसाहतीत) गव्हर्नरने जाहीर केले की आपला पगार आता ब्रिटिश सरकारच्या तिजोरीतून येतो. त्या तिजोरीत भर पडत होती ती मुख्यतः चहाच्या जकातीची. न्यायाधीशांचेही तेच ठरले.

यानंतर या भांडणात बंगाल आला. तिथे १७७० च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि १७७१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भागधारकांचा लाभांश वाढवून साडेबारा टक्के केला. पुढच्या वर्षी लंडनच्या पेढ्या कोसळल्या आणि कंपनी सरकारच्या दारात उभी राहिली. तिला १४ लाख पौंडांचे कर्ज मिळाले आणि तिच्या कारभारावर सरकारी देखरेख आणणारा १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आला. तो आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्याच वर्षी आलेला चहा कायदा मात्र आपल्या पुस्तकांत अमेरिकेच्या धड्यात जाऊन बसला आहे. दोन्ही एकाच संकटावरचे इलाज होते.

कंपनीच्या लंडनमधल्या गोदामांत चहा पडून होता. हा चहा चीनचा. आसामात लागवड सुरू व्हायला अजून साठ वर्षे होती. नव्या कायद्याने अमेरिकेला जाणाऱ्या चहावरची इंग्लंडातली जकात माफ झाली आणि कंपनीला थेट आपल्या अडत्यांमार्फत विकायची मुभा मिळाली. चोरट्या डच चहाशी टक्कर देण्याइतका तो स्वस्त होणार होता. अमेरिकेतली ३ पेन्सही काढा, असे संसदेत सुचवले गेले. पंतप्रधानांनी ऐकले नाही. बॉस्टनच्या अडत्यांत गव्हर्नरचे दोन मुलगे होते. चहा विकणार मुले, जकातीतून पगार बापाला! चोरटा व्यापार करणाऱ्यांचा स्वार्थ या चळवळीत होताच, पण एवढे उघड दिसल्यावर साध्या माणसाला समजावून सांगायला काय उरले? फिलाडेल्फियातल्या एका वकिलाने तर पत्रकात बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन विचारले की हीच कंपनी आता आपल्याकडे येणार का.

बॉस्टन बंदरात पहिले जहाज २८ नोव्हेंबर १७७३ रोजी लागले. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, असा नियम होता. गव्हर्नर जहाज परत जाऊ देईना, लोक माल उतरू देईनात. १६ डिसेंबरच्या रात्री मोहॉक या मूळ रहिवासी जमातीसारखे वेष घेतलेली माणसे तिन्ही जहाजांवर चढली आणि सुमारे ३४० पेट्या कुऱ्हाडींनी फोडून चहा पाण्यात ओतला. ओहोटी होती. चहा बुडेना, जहाजांच्या कडेला त्याचे ढीग साचले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरला, तो पकडला गेला आणि कोट गमावून बसला. कंपनीने नुकसान मांडले ९,६५९ पौंड.

पुढचे भराभर घडले. शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सच्या सभेचे अधिकार कापले गेले. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १९ एप्रिल १७७५ रोजी बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या चार्ल्सटन बंदरात तळघरात अडकवून ठेवलेला कंपनीचा चहा १७७६ मध्ये बंडखोरांनीच विकला आणि पैसा आपल्या कामाला लावला.

१७७८ मध्ये संसदेने कायदा केला की यापुढे महसुलासाठी वसाहतींवर कर बसवणार नाही. चहावरची ती ३ पेन्स त्याच कायद्याने रद्द झाली. तोवर फ्रान्सने अमेरिकनांशी तह केलेला होता.