प्राणिदेहाची सममिती : रेणवीय अनुक्रमांवरून शोध

प्राण्यांच्या शरीराची ठेवण, म्हणजे सममिती, उत्क्रांतीत कोणत्या क्रमाने बदलली, हे डीएनए, आरएनए व प्रथिने यांतील घटकांचा क्रम (अनुक्रम) ताडून ठरवण्याची पद्धत.

सातारा जिल्ह्यातल्या ओढ्या-नद्यांत तीन ठेवणी शेजारी नांदतात. खेकडा डावा-उजवा सारखा, म्हणजे द्विपार्श्व. खडकाला चिकटलेला गोड्या पाण्यातला स्पंज वाटेल त्या आकाराचा. आणि लिम्नोक्निडा इंडिका ही छत्रीसारखी जेलीफिश अरीय, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखी मध्याभोवती सगळीकडे सारखी. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना ती सह्याद्रीत सापडली आणि १९१०च्या दशकाच्या सुरुवातीला जगापुढे आली. तोवर लिम्नोक्निडा गटातल्या जेलीफिश आफ्रिकेतच असतात असा समज होता.

आकारावर विसंबले की फसगत होते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्ह्ये यांनी १८१७ मध्ये जेलीफिश आणि तारामासा दोघांना अरीय म्हणून एकाच गटात बसवले. पण तारामाशाची अळी द्विपार्श्व असते आणि त्याचे अनुक्रम त्याला आपल्या, पृष्ठवंशीयांच्या, भावकीत आणून बसवतात. पाच भुजा मागाहून आल्या.

अनुक्रमात सममिती लिहिलेली नसते. त्यातून नाते कळते. मग त्या वंशवृक्षावर एकेक ठेवण मांडून ती कधी आली, कधी गेली याचा अंदाज करायचा. त्यासाठी रायबोसोममधला (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतला) १८एस आरएनए सोयीचा, कारण तो सगळ्या प्राण्यांत असतो आणि फार सावकाश बदलतो. १९८८ मध्ये त्यावरून पहिला मोठा वंशवृक्ष निघाला. त्यात जेलीफिशच्या कुळाचा उगम इतर प्राण्यांहून वेगळ्या एकपेशीय पूर्वजापासून दाखवला होता. अनुक्रम वाढले तसा तो निष्कर्ष टिकला नाही. पद्धत मात्र टिकली.

खरी गंमत पुढे आली. नेमॅटोस्टेला हा जेलीफिशच्याच कुळातल्या समुद्रफुलाचा (सी ॲनिमोन) प्रकार वरून अरीय दिसतो. २००४ मध्ये त्याच्या भ्रूणात हॉक्स जनुके (द्विपार्श्व प्राण्यांत डोक्याकडून शेपटीकडे कुठे काय घडेल हे ठरवणारी) मुख्य अक्षावर टप्प्याटप्प्याने आणि डीपीपी जनुक एकाच बाजूला कार्यरत आढळले. आपल्यासारख्या पृष्ठवंशीयांत पाठ-पोट ठरवणारी जनुके याच डीपीपीच्या कुळातली. त्यामुळे द्विपार्श्वतेची सामग्री जेलीफिश-कुळ वेगळे होण्याआधीच जमली असावी, असे मानण्यास जागा आहे.

वंशवृक्षाच्या मुळाशी वाद आहे तो स्पंज आधी फुटले की टिनोफोरा (जेलीफिशसारखे दिसणारे पारदर्शक सागरी प्राणी), हा. २०२३ मध्ये कोणती जनुके एकाच गुणसूत्रावर सोबत असतात यावरून टिनोफोराच्या बाजूने कौल आला. तो खरा ठरला, तर साताऱ्याच्या ओढ्यातला बेढब स्पंज हाच सर्वांत जुन्या ठेवणीचा वारस, असे ठामपणे म्हणता येणार नाही.