‘साइन इन करा’ ही कटकट आली कुठून?

माझी बस रोज सकाळी एका सिग्नलला थांबते. कोपऱ्यावर एक कॅफे आहे. दीड वर्षापूर्वी तिथं एकदा कॉफी घेतली होती आणि त्यांचं वाय-फाय वापरलं होतं. कॉफीची चव मी विसरलो, फोन मात्र काही विसरला नाही. बस थांबली की खिशात थरथर होते: ‘वाय-फाय नेटवर्कमध्ये साइन इन करा’.

राग कॅफेवर निघतो, पण ही ओळ कॅफे पाठवत नाही, आपलाच फोन दाखवतो. आणि गंमत म्हणजे, एका जुन्या दुखण्यावर औषध म्हणूनच ती आली होती.

हॉटेल-विमानतळांवर वाय-फाय आलं तेव्हा ते लॅपटॉपवाल्यांसाठी होतं. ब्राउझर उघडून कुठलाही पत्ता टाकला की समोर हॉटेलचंच पान यायचं: खोली क्रमांक टाका, अटी मान्य करा. पत्र पाठवावं मावशीला आणि पोस्टमननं ते वाटेत उघडून स्वतःच उत्तर धाडावं, तसला प्रकार. याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. समोर ब्राउझर उघडा असेतोवर ते खपून गेलं.

स्मार्टफोन आले आणि गोची झाली. मेल, नकाशे, चॅट यांना ब्राउझर लागतच नाही. वाय-फायच्या दांड्या पूर्ण भरलेल्या, पण काहीच हलत नाही, अशी अवस्था. त्यात बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर गेल्या. तिथं मधेच कुणी उत्तर घुसवलं की ब्राउझरला तो हल्लाच वाटतो आणि तो पान उघडायला नकार देतो.

मग फोननंच आधी चाचपून पाहायचं ठरलं. विंडोजमध्ये ही सोय व्हिस्टापासून होती. ‘मायक्रोसॉफ्ट एनसीएसआय’ एवढाच मजकूर असलेली फाइल ते मागवून बघायचं. आयफोन ॲपलच्या एका पत्त्यावरून पान मागवतो, त्यावर ‘सक्सेस’ हा एकच शब्द असतो. अँड्रॉइडची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. तो गूगलच्या ‘जनरेट_२०४’ या पत्त्यावर विचारणा करतो आणि अपेक्षा काय, तर उत्तरात काहीही नसावं. २०४ हा ‘मजकूर नाही’ सांगणारा कोड. रिकामं उत्तर आलं म्हणजे इंटरनेट आहे. लॉगिनचं पान आलं म्हणजे वाटेत कुणीतरी बसलंय, चला, सूचना दाखवा. वाटेत अडवता यावी म्हणून ही विचारणा मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर केली जाते. चीनमध्ये गूगलच्या पत्त्यांपर्यंत पोहोचणंच अवघड, त्यामुळे तिथं नेट सुरळीत असूनही फोन उद्गारचिन्ह दाखवायचे.

आपल्याकडे त्या पानावर ओटीपी का मागतात, याचं मूळ 2008 मध्ये आहे. 26 जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेली धमकीची ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्यातल्या एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचं उघड झालं. तशीच ऑगस्टमधली मेल माटुंग्याच्या एका कॉलेजातून आणि सप्टेंबरमधली चेंबूरहून गेली होती. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागानं आदेश काढला: सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाइलवर एसएमएसनं पासवर्ड धाडून. पुढं जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेलटेल (रेल्वेची दूरसंचार कंपनी) आणि गूगलचं स्टेशन वाय-फाय सुरू झालं, तेही मोबाइल क्रमांक आणि ओटीपीनंच.

हा लपंडाव संपवायचे प्रयत्न झाले. 2012 मध्ये ‘आधी ओळख पटवा’ असं सांगणारा 511 हा वेगळा कोड ठरला. 2020 मध्ये नवं मानक आलं, त्यानुसार जोडणी होतानाच नेटवर्क ‘माझं लॉगिन पान इथं आहे’ असं सांगू शकतं. फोन ते समजू लागलेत. पण गल्लीतल्या कॅफेचा राउटर कोण बदलतो? शिवाय अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कला दिसणारा यंत्राचा ओळखक्रमांक, लपवतात. पोर्टल आपल्याला त्याच पत्त्यावरून ओळखत असतं. तो बदलला की आपण पुन्हा पाहुणे.

आता ही ‘साइन इन करा’ची कटकट बंद कशी करायची, ते. ‘सार्वजनिक नेटवर्क उपलब्ध आहे’ ही सूचना वेगळी. तिचं बटण बंद करून बरेच जण निर्धास्त होतात आणि दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा थरथरतो. खरा उपाय त्या नेटवर्कपुरता असतो. जतन केलेल्या नेटवर्कांच्या यादीत जाऊन ‘विसरा’ दाबायचं, किंवा ऑटो-कनेक्ट बंद करायचं. आयफोनवर ऑटो-जॉइन आणि ऑटो-लॉगिन अशी दोन बटणं नेटवर्कच्या नावाशेजारच्या ‘आय’ खुणेत सापडतात.

हौशी मंडळी कॉम्प्युटरला फोन जोडून, एडीबीनं (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला आज्ञा देणारं साधन) ‘कॅप्टिव्ह_पोर्टल_मोड’ ही सेटिंग शून्य करतात. त्यानं अँड्रॉइडची विचारणाच थांबते. मात्र पुढच्या वेळी हॉटेलात उतरलात की दांड्या भरलेल्या आणि नेट ठप्प. अशा वेळी ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ टाकायचं. एचटीटीपीएस कधीच न वापरणारी ही साइट याच कामासाठी आहे. तिच्या जागी हॉटेलचं लॉगिन पान येतं.