बाजारभाव माहितीसेवा, ग्रामीण विदर्भातील

शेतमालाचे रोजचे भाव, बाजारातील आवक, हवामान आणि व्यापाराशी निगडित बातम्या गोळा करून त्या विकत किंवा फुकट पुरवणारी व्यवस्था. विदर्भात तिचा संबंध मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा या पिकांशी येतो. संत्र्याचा आणि भंडारा-गोंदियाच्या धानाचा व्यवहार बराचसा वेगळ्या वाटेने चालतो, म्हणून तो इथे घेतलेला नाही. या व्यवस्थेच्या एका टोकाला लंडन-न्यूयॉर्कमधल्या, पैशाच्या बातम्या विकणाऱ्या कंपन्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला खामगाव, हिंगणघाट, अकोट, वणी अशा कापसाच्या पेठा. ही टोके दीडशे वर्षांपूर्वीच जोडली गेली. शेतकरी तिचा ग्राहक झाला तो मात्र मोबाइल आल्यावर.

या धंद्यातले सर्वांत जुने मोठे नाव रॉयटर्सचे. जर्मनीत जन्मलेल्या ज्युलियस रॉयटरने १८५० मध्ये आखेन आणि ब्रुसेल्स यांच्यामध्ये कबुतरे उडवून शेअरभाव पोचवले, कारण तेवढ्या टप्प्यात तारेची लाइन पडलेली नव्हती आणि कबुतर आगगाडीच्या कितीतरी आधी पोचत असे. १८५१ मध्ये त्याने लंडनला कचेरी थाटली. गिऱ्हाईक होते सराफ, दलाल आणि व्यापारी. वर्तमानपत्रे नंतर आली. १८६६ मध्ये कंपनीची कचेरी मुंबईत उघडली.

तो काळ वऱ्हाडच्या कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि भारतातल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपताच ते तुटले, पण तोवर वऱ्हाडची शेती लिव्हरपूलच्या कापूसबाजाराला बांधली गेली होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब–खामगाव हा फाटा सुरू झाला, त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. त्याच वर्षी सुएझ–एडनमार्गे समुद्रातून टाकलेली तार मुंबईला जोडली गेली. पूर्वी बोटीतून येणारी लिव्हरपूलची खबर आता तारेवर येऊ लागली. खामगावचा व्यापारी ती वाचून बोली लावत असे. गाडीवर कापूस घेऊन आलेल्या कास्तकाराला तेवढाच भाव कळे, जेवढा व्यापाऱ्याने तोंडाने सांगितला.

त्यावर इथे निघालेला उपाय म्हणजे उघड हर्रास. कारंजा (लाड) येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव मोठ्याने पुकारला जावा, वजन एकाच काट्यावर व्हावे, अशी ही कल्पना. समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला हे खरे असले, तरी भाव ही चारचौघांत सांगायची गोष्ट आहे हे तत्त्व विदर्भात या कायद्याने रुजवले. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ तिथे आहे.

लंडन-न्यूयॉर्ककडे हा धंदा पुढे यंत्रांवर वाढला. रॉयटर्सने १९६४ मध्ये शेअरभाव दाखवणारी संगणकीय सेवा आणली आणि १९७३ मध्ये चलनांचे दर पडद्यावर दाखवणारी ‘मॉनिटर’ सेवा. मोठ्या चलनांचे दर त्याच सुमारास तरते झाले होते, त्यामुळे डॉलर-पौंडाचा भाव मिनिटामिनिटाला हवा असणारी नवी गिऱ्हाइके तयारच होती. कंपनीची भरभराट मुख्यतः यातून झाली. बातम्यांनी तिला नाव दिले, पैसा दिला तो पडद्यांनी. १९८४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला मायकेल ब्लूमबर्ग यांनी प्रतिस्पर्धी कंपनी काढली. मेरिल लिंच ही दलाली पेढी तिची पहिली गिऱ्हाईक आणि मग भागीदारही. ब्लूमबर्गने क्रम उलटा ठेवला: आधी आकडे विकले आणि १९९० मध्ये बातम्यांचा विभाग उघडला, कारण आकडा का हलला हे सांगणाऱ्या यंत्राला जास्त भाडे मिळते. २००८ मध्ये कॅनडाच्या थॉमसनने रॉयटर्स विकत घेतली.

विदर्भात या काळात गंमत अशी, की भाव कळून उपयोगच नव्हता. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच घालायचा असा नियम झाला. भाव मुंबईत ठरे, चुकारे हप्त्याने मिळत. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून सुरू होती, शेतीचे कार्यक्रम लोक आवडीने ऐकत, पण कापसापुरता रेडिओवर ऐकण्यासारखा भाव एकच. तरीही भावाची खबर थांबली नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेवर आदिलाबादचा भाव आणि वरुडच्या बाजूला पांढुर्ण्याचा भाव तोंडोतोंडी फिरत असे आणि शेजारी राज्यात चढा भाव निघाला की रात्री गाड्या सीमा ओलांडत. एकाधिकाराच्या काळात भावाची सगळ्यात नेमकी माहिती बहुधा ट्रकवाल्यांकडे होती. २००२ पासून खासगी खरेदी मोकळी झाली आणि ‘आज काय भाव हाय?’ या प्रश्नाला पुन्हा अर्थ आला.

सरकारने २००० मध्ये ॲगमार्कनेट हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर बाजार समित्यांकडून आलेले किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव दिसतात. त्याच वर्षी आयटीसीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल, म्हणजे भाव पाहता येतील अशी गावातली संगणक केंद्रे काढली. ती पुढे विदर्भातही आली. २००५ मध्ये शेतीला वाहिलेले मराठी दैनिक ‘ॲग्रोवन’ सुरू झाले आणि बाजारभावाचे पान गावोगाव वाचले जाऊ लागले. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा आणली. ज्या कंपनीचे पडदे बँकांत महिन्याला हजारो रुपयांच्या भाड्याने लागत, तीच आता शेतकऱ्याला महिन्याला साठेक रुपयांत एसएमएस देऊ लागली. पीक आणि बाजार शेतकऱ्याने निवडायचे. मग रोज त्या पिकाचा भाव, तालुक्याचे हवामान, एखादा सल्ला आणि बातमी मोबाइलवर येई. सुरुवातीला ही सेवा टपाल कचेऱ्यांतूनही विकली गेली. गावात कंपनीचे नाव कोणाला माहीत नव्हते, पोस्टावर मात्र विश्वास होता. विक्रीची ही युक्ती कंपनीच्या तंत्रापेक्षा हुशारीची म्हणावी लागेल.

या सेवेने शेतकऱ्याला जास्त भाव मिळतो का, याची रीतसर तपासणी झाली आहे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत प्रयोग केला. काही शेतकऱ्यांना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कंपनीला फारसा सुखाचा नव्हता: सरासरीने पाहता मिळालेल्या भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. प्रयोगाचे जिल्हे पुणे, सातारा, अहमदनगर, नाशिक आणि धुळे. विदर्भातला एकही नाही, आणि अभ्यासलेल्या पिकांत सोयाबीन असले तरी कापूस नव्हता. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. पण कापसाचा व्यवहार जवळून पाहिला तर इकडे निराळे काही निघाले असते असेही वाटत नाही.

जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा, मालक कापसाचा भाव कसा काढतो ते पाहावे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर बोलला जातो आणि खंडी ३५६ किलोची. समजा खंडी ५५,००० रुपयांना आहे, म्हणजे रुई किलोला सुमारे १५४ रुपये ५० पैसे. ३४ किलोचे झाले ५,२५३ रुपये. सरकी क्विंटलला ३,००० असेल तर ६४ किलोचे १,९२०. दोन्ही मिळून ७,१७३. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक, व्याज आणि स्वतःचा नफा वजा करून जो आकडा उरतो तो त्या दिवसाचा गेटभाव. रुईची खंडी न्यूयॉर्कच्या वायद्याकडे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालासाठी आज ठरणाऱ्या भावाकडे, पाहून हलते, तिथला भाव पौंडाला सेंटमध्ये असतो आणि मध्ये डॉलरचा दर येतो. सरकीचा भाव मात्र ढेपेवर, म्हणजे गायी-म्हशींच्या खाद्यावर अवलंबून. शेतकऱ्याला एसएमएसमध्ये शेवटचा आकडा मिळतो. मधल्या पायऱ्या ज्याला रोज कळतात त्याला उद्याचा आकडाही अंदाजाने कळतो. डेटा कंपन्यांचा खरा माल म्हणजे या मधल्या पायऱ्या, आणि तो घेणारे गिऱ्हाईक जिनिंग आणि गिरणीवालेच आहेत.

छापून येणारा आकडाही जपून वाचावा लागतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी बाजारात काट्याची पूजा होते, पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याला शेला-नारळ देतात आणि त्याच्या कापसाला मुहूर्ताचा चढा भाव पुकारतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच मथळा होतो. तो वाचून चार दिवसांनी गाडी नेणाऱ्याला क्विंटलमागे बरेच कमी सांगितले जातात आणि कारण दिले जाते ओलाव्याचे. ‘कमाल’ भाव पुष्कळदा दोन-चार गाड्यांपुरताच असतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावरही हमीभाव ८ टक्के ओलाव्याला धरलेला असतो, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांवर कापूस परत. ऑक्टोबरातला पहिल्या वेच्याचा कापूस दवाने ओलाच असतो.

आणि तरीही खेडा खरेदी चालूच आहे. व्यापारी टेम्पो व इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन गावात येतो, गेटभावापेक्षा कमी सांगतो आणि रोख देतो. विकणाऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवर त्या दिवशीचा अकोटचा किंवा हिंगणघाटचा भाव दिसत असतोच. पण घरात दोन-तीन क्विंटल कापूस, त्यासाठी गाडीभाडे परवडत नाही. वेचणीची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावी लागते. कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते. आणि कापूस घरात ठेवला तर झोपायला जागा उरत नाही, अंगाला खाजही सुटते. भाव माहीत असणे आणि भाव येईपर्यंत थांबता येणे यांतले अंतर कोणत्याही एसएमएसने भरून निघालेले नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांवर गेला तेव्हा फायदा झाला तो ज्यांच्याकडे ठेवायला कोठा आणि दम होता त्यांचा. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल म्हणून अनेकांनी कापूस दाबून ठेवला आणि तो आला नाही. त्या वाट पाहण्याला यूट्यूबवरच्या ‘कापूस १२ हजार होणार?’ छापाच्या व्हिडिओंनी भरपूर खतपाणी घातले. फुकट माहितीची ही किंमत कुणी हिशेबात धरत नाही.

सोयाबीनची अडचण आणखी निराळी. शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे ही बंदी वेळोवेळी वाढवली. पेरणीच्या वेळी काढणीच्या महिन्याचा अंदाज देणारा निदान एक उघड आकडा होता, तोही गेला. वाशिम, कारंजा, अमरावतीच्या बाजारात आता सोया प्लांटचे, म्हणजे सोयाबीनचे तेल काढणाऱ्या कारखान्यांचे, खरेदीदर हाच इशारा मानला जातो आणि ते दर प्लांटवालेच जाहीर करतात.

मार्केट लाइट पुढे रॉयटर्सपासून वेगळी होऊन ‘आरएमएल’ या नावाने ॲपकडे वळली. रॉयटर्सचा आकड्यांचा मूळ धंदा ‘रिफिनिटिव्ह’ म्हणून वेगळा निघाला आणि २०२१ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या कंपनीने तो घेतला. बातम्यांचा विभाग थॉमसन रॉयटर्सकडेच राहिला. सरकारी बाजूने २०१६ मध्ये ई-नाम हा बाजार समित्यांना जोडणारा ऑनलाइन बाजार आला, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी सीसीआयने ‘कपास किसान’ हे नोंदणीचे ॲप आणले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले, म्हणजे विदर्भातल्या पहिल्या दोन वेच्यांचा काळ त्यात आला.