स्त्री-पाळक (बेळगाव सीमाभाग)

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीत रीतसर दीक्षा घेऊन उपासना चालविण्याचा, बाप्तिस्मा देण्याचा आणि प्रभुभोजनाचा (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस देण्याचा) विधी करण्याचा अधिकार मिळालेल्या स्त्रीस स्त्री-पाळक म्हणतात. बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी बोलणाऱ्या मंडळ्यांत तिचा उल्लेख ‘पाळकबाई’ किंवा ‘पास्टरबाई’ असा होतो. ‘पाळकीणबाई’ हा जुना शब्द मात्र पाळकाच्या पत्नीसाठी रूढ आहे. या दोन शब्दांची गल्लत होऊ नये. एकीला हे स्थान लग्नाने मिळते, दुसरीला अभ्यास, परीक्षा आणि दीक्षा यांनी. रोमन कॅथलिक पंथात स्त्रियांना धर्मगुरुपद नाही. त्यामुळे बेळगाव धर्मप्रांतातील (स्थापना १९५३) सिस्टरांचे शाळा-दवाखान्यांतील मोठे काम या नोंदीत घेतलेले नाही.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनकडे आले. दोन्ही काळांत मिशनचे पुरुष चावडीपर्यंत आणि बाजारापर्यंत पोहोचत. घराच्या आत जाणे त्यांना शक्य नव्हते. तेथे गेली ती ‘बायबलबाई’. बहुधा विधवा, थोडेफार शिकलेली, तुटपुंज्या मानधनावर राबणारी ही स्त्री शुभवर्तमानाची सुटी पुस्तके पिशवीत घालून मागल्या दाराने घरात येई, जात्याशेजारी बसून वाचून दाखवी, मुलींना बाराखडी गिरवायला लावी, बाळंतिणीची विचारपूस करी. तिने वर्षानुवर्षे शिकविलेल्या बाईचा बाप्तिस्मा ठरला, की तो देण्यास मात्र पाळकसाहेबांना बोलवावे लागे. सीमाभागातील स्त्री-पाळकांचा इतिहास लिहिताना सुरुवात पहिल्या दीक्षाविधीपासून करण्याची पद्धत आहे. ती अपुरी वाटते, कारण पाळकपणाचे निम्मे काम या बायका अधिकारावाचून कधीच करू लागल्या होत्या, आणि त्यांतील बहुतेकींची नावेही कोठे नोंदलेली नाहीत.

अधिकार मिळाला तो टप्प्याटप्प्याने. या मिशनच्या अमेरिकेतील मूळ मंडळीने, मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चने, १८८८ मध्ये सेविकापदास (डीकनेस) मान्यता दिली, १९२० मध्ये स्त्रियांना उपदेश करण्याचा परवाना दिला आणि १९२४ मध्ये स्थानिक स्वरूपाची दीक्षा खुली केली. या दीक्षेत एक मोठी उणीव होती. दीक्षित स्त्री वार्षिक परिषदेची (पाळकांच्या प्रादेशिक सभेची) सभासद होत नसे आणि परिषदेचे सभासदत्व नाही म्हणजे नेमणुकीचा हक्कही नाही. मंडळीने बोलावले तर काम, नाहीतर घरी बसणे. ही अडचण १९५६ च्या मे महिन्यात मेथॉडिस्टांच्या सर्वोच्च सभेने, सर्वसाधारण परिषदेने, दूर केली. भारतातील मेथॉडिस्ट मंडळ्या तेव्हा त्याच परिषदेच्या कक्षेत होत्या; मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाले ते १९८१ मध्ये. त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे येथील मराठी ख्रिस्ती स्त्रीला पाळकपदाचा पूर्ण हक्क ज्या वर्षी मिळाला, त्याच वर्षी तिच्या सरकारी कागदांची भाषा बदलू लागली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, पण पुढे पाळकबाईंच्या रोजच्या कामात दोन्ही एकत्र आल्या.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाने, ज्याच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांताचे मुख्यालय धारवाडला आहे, पहिल्या स्त्रीला प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षित पाळक) म्हणून दीक्षा दिली ती १९७६ मध्ये, आणि २०१३ मध्ये आंध्र प्रदेशातील नंद्यालच्या बिशपपदी ई. पुष्पा ललिता यांची निवड झाली. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी) तर १८८२ मध्ये ती मुंबईत आली तेव्हापासूनच स्त्री अधिकारी उपदेश करीत आल्या आहेत.

पाळकपदाची वाट स्थानिक मंडळीच्या शिफारशीने सुरू होते. शब्बाथशाळेत शिकविणाऱ्या किंवा स्त्रियांच्या सभेत वचन सांगणाऱ्या मुलीचे नाव मंडळीची समिती पुढे पाठविते. त्यानंतर सेरामपूर सिनेटची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही धर्मशास्त्राची पदवी किंवा तत्सम शिक्षण घ्यावे लागते. त्यासाठी सीमाभागातून बहुधा बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजकडे (स्थापना १९१०) किंवा १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यास आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीकडे पाहिले जाते. पुढे परिवीक्षेचा काळ, मग डीकन (सेवक) आणि त्यानंतर एल्डर (पूर्ण अधिकाराचा पाळक) अशी दोन पायऱ्यांची दीक्षा होते. बिशप उमेदवाराच्या मस्तकावर हात ठेवतात. मेथॉडिस्ट पद्धतीत नेमणूक बिशपच करतात आणि वार्षिक परिषदेच्या अखेरीस नेमणुकांची यादी वाचून दाखविली जाते. तो क्षण पाळकबाईंना पुरुष पाळकांहून अधिक जड जातो. पती दुसऱ्या नोकरीत असेल तर घर दोन ठिकाणी होते, आणि पतीही पाळक असेल तर दोघांच्या मंडळ्या जवळजवळ याव्यात एवढीच प्रार्थना उरते. अभ्यास इंग्रजीत झालेला, घरची भाषा मराठी आणि नेमणूक बैलहोंगलकडील कन्नड मंडळीवर, असेही घडते. तेथे पहिले काही महिने उपदेश लिहून काढून, उच्चार तपासून घेऊन वाचावा लागतो.

विरोध होतो तो शास्त्राच्या आधारे. करिंथकरांस पहिल्या पत्रातील १४ वा अध्याय आणि तीमथ्यास पहिल्या पत्रातील २ रा अध्याय, जेथे स्त्रियांनी मंडळीत शांत राहावे असे सांगितले आहे, ते पुढे केले जातात. समर्थक गलतीकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायाकडे, जेथे ख्रिस्तात पुरुष व स्त्री हा भेद नाही असे म्हटले आहे, बोट दाखवितात. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौलाने जिची शिफारस केली ती किंख्रियेच्या मंडळीची सेविका फीबी, आणि पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना प्रथम सांगणारी मग्दालीया मरीया, यांचेही दाखले ते देतात. मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) स्त्री होत्या आणि त्यांचा जन्मही कर्नाटकातला होता, ही गोष्ट या वादात क्वचितच कोणी आठवतो; ती आठवायला हवी. प्रत्यक्षात मात्र विरोध वादाने मिटत नाही. पाळकबाईंच्या हातून प्रभुभोजन घ्यायला सुरुवातीला मागच्या बाकावर बसून राहणारे वडीलधारे घरात आजारपण आले की त्यांनाच बोलावतात, आणि पुढच्या महिन्यात हात पुढे करून भाकर घेतात.

समाजसेवा हे पाळकबाईंच्या कामाचे वेगळे खाते नाही; घरभेटीतूनच ती सुरू होते. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विडीवर जगणाऱ्या बायकांचा खोकला, मजुरीची थकबाकी, मुलींची अर्धवट राहिलेली शाळा हे सारे प्रार्थनेच्या विनंत्यांतच कळते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुलींची प्रथा कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंद केली. पण देवदासी मातांच्या मुलांना शाळेत घालताना वडिलांच्या नावाचा रकाना पुढे येतो, तेव्हा त्या बाईसोबत मुख्याध्यापकांपुढे बसणारी दुसरी बाई लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत, म्हणून जातीच्या दाखल्याविषयीचे प्रश्नही पाळकबाईंकडेच येतात. सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त वेळ घेणारे काम कागद वाचण्याचे आहे. रविवारी उपासना संपली, की झगा उतरवायच्या आतच एखादी आजी पदराच्या गाठीतून घडी घातलेले पत्र काढते आणि म्हणते, “बाई, कन्नडात आलंय, काय म्हणत्यात बघा की.” निराधार वेतनाची नोटीस, शिष्यवृत्तीचा अर्ज, पाणीपट्टी, पाळकबाई वेदीच्या पायरीवरच बसून ओळ न् ओळ मराठीत सांगतात.

दफनविधीच्या वेळी हे पद गावाच्या नजरेस विशेष पडते. शेजारच्या हिंदू घरांतील बायका बहुधा स्मशानापर्यंत जात नाहीत. अशा गावात शवपेटीच्या पुढे, पांढऱ्या झग्यात, पुस्तक छातीशी धरून एक स्त्री चालते, खड्ड्याच्या काठाशी उभी राहून “मातीला माती” म्हणत मूठभर माती टाकते, हे दृश्य पाहणारे प्रथम गप्प होतात आणि मागाहून तिच्याविषयी आदराने बोलतात.

लग्नाच्या बाबतीत सीमेचा संबंध वारंवार येतो. निपाणी-चिकोडीकडील मुली कोल्हापूर, गडहिंग्लज, मिरजेस दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाह सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावायचा असतो आणि त्याची नोंद नोंदवहीत करावी लागते. त्याआधी प्रथेप्रमाणे वधू-वरांच्या नावांची घोषणा दोन्हीकडच्या मंडळ्यांत तीन रविवार वाचली जाते. कोणाची हरकत आली नाही, असे लेखी कळविणारे पत्र मग कर्नाटकातील पाळकबाई महाराष्ट्रातील पाळकसाहेबांना पाठवितात, आणि ते पत्र मराठीत असते.